बोटीतलं घरचं माणूस

बाई कवळ्या करायच्या. डॉक्टर नव्हेत त्या. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन पाठवायचे आणि त्या मापावर दात बसवायचं काम बाईंचं. जिन्याखालच्या चिंचोळ्या खोलीत एक लांब टेबल, त्यावर वाकवता येणारा दिवा, स्पिरिटचा दिवा, मेणाच्या गुलाबी पट्ट्या, प्लास्टरची बादली आणि कवळी घासून गुळगुळीत करायचं मोटारीचं यंत्र. खोलीला खिडकी होती, पण ती शेजारच्या भिंतीकडे तोंड करून होती. सव्वीस वर्षं त्या खोलीत काढल्यावर बाईंना एक खोड लागली होती. रस्त्यात कुणी ओळखीचं हसलं की त्यांना आधी दात ओळखू यायचे आणि माणूस मागाहून.

मान मोडून काम करणं म्हणतात ते बाईंच्या बाबतीत शब्दशः झालं. बेचाळिसाव्या वर्षी त्यांची मान डावीकडे वळेनाशी झाली. रस्ता ओलांडताना त्या सगळ्या अंगासकट वळायच्या. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढले, गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "खरं औषध पोहण्यात आहे. येतं का पोहता?"

"नाही."

"मग शिका."

तलावावर बायकांची वेळ दुपारी बारा ते पाच. शिकवायला एक सर होते, जन्मभर अग्निशमन दलात काढलेले. त्यांचा आवाज असा की साधी सूचना दिली तरी आग लागल्यासारखं वाटायचं. बाईंना पाण्यावर नुसतं तरंगायला तीन महिने लागले. इतके दिवस सरांनी कुणावर घालवले नव्हते, पण बाई रोज येतच राहिल्या, त्यामुळे त्यांना सोडून देता येईना.

पुढच्या वर्षीची गोष्ट. एक दिवस तलावाचा पंप बिघडला. सर मिस्त्रीला घेऊन पंपघरात जाताना बाईंना म्हणाले, "मी येईपर्यंत पोहत राहा." पंपाचं काम दीड तास चाललं. सर बाहेर आले तर तलावात एकट्या बाई, त्याच संथ चालीत, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"अहो, थांबायचं ना."

"तुम्ही म्हणालात मी येईपर्यंत."

"दमला नाहीत?"

बाईंनी काठाला धरून जरा विचार केला. "मान दुखत नव्हती. म्हणून लक्षातच आलं नाही."

त्या दिवशी सरांनी त्यांचं नाव मालगाडी ठेवलं. बाईंना वेग नव्हता. शेजारच्या रांगेतल्या शाळकरी मुली त्यांना तीन-तीन वेळा मागे टाकायच्या. पण मुली थांबायच्या, धापा टाकायच्या, घरी जायच्या, आणि मालगाडी आपली चालूच असायची. तीन किलोमीटर झाले, पाच झाले, सुट्टीच्या दिवशी दहा झाले. हे सगळं पाच-सहा वर्षांत, कुणाला फारसं न सांगता.

घरात माणसं तीन. बाई, त्यांचा नवरा आणि नणंद. मुलगा नोकरीसाठी परगावी होता. नवरा बस डेपोच्या भांडारात सुटे भाग सांभाळायचा, नाकासमोर चालणारा माणूस. नणंद नवऱ्यापेक्षा धाकटी पण बाईंपेक्षा चार वर्षांनी मोठी. लग्न केलं नव्हतं. मुलींच्या शाळेत विज्ञानाच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं मदतनीस होती आणि नुकतीच मुदतीआधी निवृत्त झाली होती. शिस्त अशी की घरात मिठाच्या बरणीवरही चिठ्ठी. त्या बरणीत मीठच आहे हे घरातल्या तिघांनाही ठाऊक होतं.

या दोघींचं एकमेकींशी सहा वर्षं धड बोलणं नव्हतं. सासूबाई दोन वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. नणंदेनं अर्ध्या-अर्ध्या रजा काढून त्यांचं सगळं केलं, कूस बदलण्यापासून भरवण्यापर्यंत. बाई सकाळी नऊला जायच्या, सातला यायच्या. कवळ्यांच्या खोलीत काम करायला दुसरं माणूस नव्हतं. सासूबाई गेल्या, त्यानंतर आठवड्याभरानं स्वयंपाकघरात भांडी पुसता पुसता नणंद म्हणाली, "जगाची तोंडं भरलीस, वहिनी. घरच्या माणसाच्या तोंडात घास घालायला मात्र तुला वेळ झाला नाही."

हातातलं पातेलं जागेवर ठेवून बाई बाहेर गेल्या. भांडण झालं असतं तर मिटलं तरी असतं. भांडणच झालं नाही. मग राहिलं ते कामापुरतं बोलणं. गॅस संपत आलाय. किल्ली शेजारी ठेवलीय. त्या एकमेकींना पाण्यात पाहायच्या असं म्हणणं खरं नाही, कारण त्या एकमेकींकडे पाहायच्याच नाहीत.

बाई अठ्ठेचाळीस वर्षांच्या असताना सरांनी एक फॉर्म आणला. दूर डोंगरांच्या मधोमध एक लांबट सरोवर होतं, गोड्या पाण्याचं, या टोकापासून त्या टोकापर्यंत चोवीस किलोमीटर. एका टोकाला वनखात्याचं जुनं विश्रामगृह, दुसऱ्या टोकाला मासेमारांच्या पाच-सहा झोपड्या, मध्ये काही नाही. पोहणाऱ्यांची एक लहानशी संघटना दर उन्हाळ्यात तिथे काही जणांना पोहू द्यायची, एका दिवशी एकालाच. अंगावर साधा पोहण्याचा पोशाख, टोपी आणि चष्मा. बोट बरोबर राहणार, पण बोटीला हात लागला की संपलं. बोटीत संघटनेचा एक निरीक्षक, एक शिकवणारा आणि एक घरचं माणूस हवं.

"घरचं कशाला?" बाईंनी विचारलं.

"माझं लक्ष तुमच्या हातांकडे असणार," सर म्हणाले. "गार पाण्यात माणूस हळूहळू बिघडतं आणि त्याला स्वतःला ते कळत नाही. परक्यालाही कळत नाही. घरच्याला कळतं. त्यानं बाहेर काढा म्हटलं की काढायचं. त्यावर कुणाचं काही चालत नाही, माझंही नाही."

नवऱ्यानं फॉर्म वाचून हात वर केले. "मला बसच्या मागच्या सीटवर उलट्या होतात. मी बोटीत बसलो तर माझ्यासाठी वेगळी बोट लागेल."

मुलाला रजा नव्हती. फॉर्म तीन दिवस जेवणाच्या टेबलावर पडून राहिला. चौथ्या दिवशी सकाळी बाईंनी पाहिलं तर 'घरचं माणूस' या रकान्यात सुवाच्य, टपोऱ्या अक्षरात नणंदेचं नाव होतं.

"वन्सं, हे तुम्ही लिहिलंत?"

"मग काय भुतानं?" नणंद चहा गाळत होती.

"दहा-अकरा तास बोटीत बसावं लागेल."

"तीस वर्षं उभी होते. बसायला मिळतंय तर बरंच आहे."

एवढंच. का, कशासाठी, हे बाईंनी विचारलं नाही आणि नणंदेनं सांगितलं नाही.

तयारी वर्षभर चालली. पाणी अठरा अंशांचं असणार होतं, म्हणून सरांनी बाईंना अंगावर सहा किलो चढवायला सांगितलं. खारं पाणी माणसाला उचलून धरतं, गोडं पाणी तेवढं धरत नाही, त्यामुळे थकवा जास्त आणि थंडीही जास्त झोंबते, असं त्यांचं म्हणणं. नवरा रोज रात्री बाईंच्या ताटात जास्तीचं वाढायचा आणि म्हणायचा, "बायकोला जाड करायची परवानगी मिळालेला मी एकटाच." थंडीच्या दिवसांत बाई पहाटे गच्चीवरच्या टाकीच्या पाण्याने टब भरून त्यात बसायच्या, आधी दहा मिनिटं, मग चाळीस. दातखीळ बसायची. कपाळाला हात लावून नवरा आत जायचा. नणंद मात्र दारात घड्याळ घेऊन उभी राहायची आणि वेळ भरली की "हं," म्हणायची.

सरांनी नणंदेला काम समजावून दिलं. दर अर्ध्या तासाला दोरीला बांधलेली बाटली पाण्यात टाकायची, त्यात गरम साखरपाणी. कधी उकडलेल्या बटाट्याचा तुकडा, कधी केळं. आणि प्रत्येक वेळी एक प्रश्न विचारायचा. "नाव, पत्ता विचारू नका. शुद्ध हरपत आलेला माणूसही स्वतःचं नाव सांगतो. थोडं डोकं चालवावं लागेल असं काहीतरी विचारा, पण तिला झोपेतही येईल असं."

नणंदेनं दोन दिवस विचार केला आणि दातांचे आकडे निवडले. दंतवैद्यांच्या जगात प्रत्येक दाताला दोन अंकी नंबर असतो. पहिला अंक जबड्याचा कुठला चतकोर ते सांगतो, दुसरा मधल्या दातापासून कितवा ते. बाईंच्या दिवसाची सुरुवातच या आकड्यांनी व्हायची. नणंदेनं बाईंच्या टेबलावरचा जुना तक्ता मागून घेतला, आठवड्यात पाठ केला, आणि तरीही बत्तीस दातांची बत्तीस कार्डं करून रबरानं बांधून ठेवली.

सरोवरावर ते आदल्या दिवशी दुपारी पोचले. शेवटचे दहा किलोमीटर रस्ता असा नव्हताच, होती ती चाकोरी. विश्रामगृहाच्या ओसरीवर बोटवाले काका वाट बघत बसले होते. सुकलेले, कमी बोलणारे गृहस्थ. सरांनी वाऱ्याबद्दल विचारलं तर त्यांनी समोरच्या दोन डोंगरांमधल्या खिंडीकडे बोट दाखवलं. "दुपारी एकच्या पुढे तिथून वारा उतरतो. रोज नाही. पण उतरला तर समोरून येतो."

"किती वाजेपर्यंत?"

"त्याला वाटेल तोवर."

सकाळी पाचला, फटफटायच्या वेळी बाई पाण्यात शिरल्या. काठाला गुळगुळीत गोटे होते, मग चिखल, मग काहीच नाही. थंडीने छातीत श्वास अडकला. त्याची सवय होती. बाईंनी शंभर हात मारेपर्यंत श्वासाकडे लक्षच दिलं नाही, आणि शंभरानंतर तो आपोआप रुळावर आला. नवरा काठावर उभा होता. तो गाडीतून डोंगराला वळसा घालून दुसऱ्या टोकाला जाणार होता. त्याने हात हलवला तो बाईंना दिसला नाही, नणंदेनं त्यांच्या वतीने हलवला.

पहिले सात तास सांगण्यासारखं काही घडलं नाही. तलावात खाली फरशी असते, रेघ असते. इथे खाली हिरवट काळोख होता आणि त्यात स्वतःचे हात तेवढे दिसायचे, पांढरेफटक, परक्यासारखे. उजवीकडे बोट. दर तिसऱ्या श्वासाला बोट दिसायची आणि बोटीत नणंदेचा राखाडी स्वेटर. बाईंनी त्याच्यावरच दिशा धरली.

दर अर्ध्या तासाने बाटली यायची. बाई पाण्यात उभ्या राहिल्यासारख्या पाय मारत प्यायच्या.

"चोवीस?" नणंद विचारायची.

"वरची डावी. पहिली उपदाढ."

"हं. जा."

पुन्हा अर्धा तास. "तेरा?"

"वरचा उजवा सुळा. बटाट्यात मीठ जास्त झालंय."

"सरांनी सांगितलं तेवढंच घातलंय. जा."

सहा वर्षांत दोघी एका दिवसात एवढं बोलल्या नव्हत्या.

वारा एकला नाही, साडेबाराला उतरला. आधी पाण्यावर नुसता शहारा आला, मग लाटा उठल्या. मोठ्या नव्हत्या, पण आखूड आणि एकामागून एक, श्वास घ्यायला तोंड वळवावं तर थेट तोंडात. बोट आपटायला लागली. आणि जे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं ते झालं. आगीत शिरलेले, छपरांवरून उड्या मारलेले सर बोटीच्या कठड्यावर वाकले ते वाकलेच. पोटात होतं नव्हतं ते सगळं बाहेर पडलं आणि त्यानंतर ते बोटीच्या तळाशी डोळे मिटून आडवे झाले. निरीक्षक उतारवयाचे, निवृत्त भूमापक होते. ते हातांची गती मोजून वहीत टिपायचे आणि नियमाबाहेर अवाक्षर काढायचे नाहीत. उरली नणंद.

"सर कुठेत?" पुढच्या बाटलीच्या वेळी बाईंनी विचारलं.

"झोपलेत."

"झोपलेत?"

"तू तुझं बघ. सत्तावीस?"

"वरची डावी, दुसरी मोठी दाढ."

दोन वाजता बोटवाले काका काठावरच्या एका वाळक्या झाडाकडे बघत म्हणाले, "पाऊण तास झाला, झाड हलत नाहीये." म्हणजे बाई हात मारत होत्या आणि होत्या तिथेच होत्या. नणंदेनं हे त्यांना सांगितलं नाही. पण बाईंनाही झाड दिसत होतं.

अडीचला बाटली आली तेव्हा बाईंनी ती धरली, पण प्यायल्या नाहीत. ओठ निळे झाले होते. "वन्सं, मला बाहेर घ्या."

नणंदेनं सरांकडे पाहिलं. सरांनी डोळे उघडून नुसती मान हलवली, त्याचा अर्थ होय असाही निघाला असता आणि नाही असाही.

"सत्तेचाळीस?" नणंदेनं विचारलं.

"अहो, बाहेर घ्या म्हणतेय मी."

"ऐकलं. सत्तेचाळीस?"

बाई चिडल्या. "खालची उजवी दुसरी मोठी दाढ. आणि त्याच्या पलीकडची अठ्ठेचाळीस, अक्कलदाढ, ती तुम्हाला आलेली नाही."

नणंदेनं कार्ड खाली ठेवलं. "डोकं ठिकाणावर आहे. रागही आहे. पाणी पी आणि जा. पुढच्या वेळी पुन्हा म्हणालीस तर बघू."

बाई प्यायल्या, बाटली जवळजवळ फेकलीच, आणि निघाल्या. रागाचा उपयोग झाला. वीस मिनिटांनी ते झाड मागे पडलं. वाराही जरा कलला. पुढच्या वेळी बाईंनी बाहेर काढा असं म्हटलं नाही. त्याच्या पुढच्या वेळीही नाही. मासेमारांच्या झोपड्या दिसायला लागल्या, आधी ठिपके, मग छपरं. काठावर उभी असलेली आपली गाडीही नणंदेला दिसली.

साडेचारला, साडेअकरा तासांनंतर, शेवटच्या आधीची बाटली. निरीक्षकांनी उरलेलं अंतर सांगितलं, अठराशे मीटर. "हातांची गती मिनिटाला बासष्टवरून अठ्ठेचाळीसवर आलीय," ते म्हणाले, "पण सरळ चालल्या आहेत."

बाई हसत होत्या. नणंदेला ते पहिल्यांदा खटकलं. बाई अशा दात दाखवून कधी हसायच्या नाहीत.

"कसं वाटतंय, वहिनी?"

"छान वाटतंय. आता थंडी वाजत नाही." जीभ जड झाली होती.

"छत्तीस?"

बाईंनी डोळे मिटले, उघडले. "आईंची."

"छत्तीस नंबर, वहिनी. कुठला दात?"

"आईंची कवळी घासायची राहिलीय," बाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "टेबलावर ठेवलीय. हिरड्यांना टोचेल तशी दिली तर. मी घासून आणते. तुम्ही तोवर त्यांना भरवू नका."

नणंदेनं बाटलीची दोरी हातातून सोडली. मग उठून उभी राहिली. बोट एवढी हलत होती की काकांनी तिचा दंड धरला.

"काढा बाहेर."

"अठराशे मीटर उरलेत," निरीक्षक म्हणाले. त्यांनी अडवलं नाही, फक्त सांगितलं.

"मला आकडे कळतात. काढा."

बाईंनी ते ऐकलं. त्या बोटीपासून लांब जायला लागल्या. मला जायचंय, मी ठीक आहे, असं काहीबाही म्हणत होत्या, पण हात पाण्यावर नुसते पडत होते. काकांनी बोट आडवी घातली. नणंद पालथी पडून कठड्यावरून वाकली आणि तिने दोन्ही हातांनी बाईंच्या काखेत धरलं. नुसता बोटीतल्या माणसाचा हात लागला तरी नियमाप्रमाणे संपलं. निरीक्षकांनी घड्याळ पाहून वेळ लिहिली.

बाईंना बोटीत घेऊन कोरडं केलं, चार कांबळ्यांत गुंडाळलं. नणंदेनं स्वतःचा स्वेटर काढून त्यांना घातला आणि पाठीमागून मिठी मारून बसली. बाई आता कापायला लागल्या होत्या, इतक्या की नणंदेचे दातही त्यांच्याबरोबर वाजायचे. अर्ध्या तासाने त्यांच्या तोंडातून पहिला स्पष्ट शब्द निघाला. "किती?"

"बावीस किलोमीटर दोनशे मीटर," निरीक्षक म्हणाले.

बाईंनी मान फिरवली आणि झोपड्यांकडे पाहिलं. अंगणात वाळत घातलेले कपडे मोजता येतील इतक्या त्या जवळ होत्या.

त्या संध्याकाळी एका झोपडीत मुक्काम पडला. नवऱ्याने आणलेलं जेवण बाई भिंतीकडे तोंड करून जेवल्या. सर खजील होऊन दोनदा दारापर्यंत येऊन गेले. सकाळी गाडीत नवरा पुढे, दोघी मागे. गाडी मोठ्या रस्त्याला लागली. मग नणंदेनं खिडकीबाहेर पाहत विचारलं, "आईची कवळी घासायची राहिलीय, म्हणालीस काल."

"मी? कधी?"

"मला छत्तीस सांगायच्या ऐवजी."

बाईंना ते आठवत नव्हतं. पण कुठून आलं असेल ते त्यांना कळलं. "आजारपणात हिरड्या आकसत जातात," त्या म्हणाल्या. "दर तीन-चार महिन्यांनी कवळी सैल व्हायची. मग चावता येत नाही, टोचते, माणूस जेवायचं सोडतं. मी नवीन करायचे. काम संपल्यावर, संध्याकाळी. सहावी चालू होती. त्या गेल्या त्या दिवशी ती टेबलावर होती."

"सहा?"

"त्याच रंगाच्या, त्याच ठेवणीच्या. त्यांना नवीन केलीय म्हटलं की वाईट वाटायचं, उगाच त्रास दिला म्हणून. म्हणून जुनीच धुऊन आणली असं सांगायचे."

गाडी एका वळणावर हळू झाली. पुढे बसलेल्या नवऱ्याने मान वळवली नाही, पण तो ऐकत होता हे त्याच्या कानांवरून दिसत होतं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं कुठे?"

नणंद हातातला रुमाल उलगडून पुन्हा घड्या घालत राहिली. "मी तेव्हा स्वयंपाकघरात बोलले ते…"

"राहू द्या. तुम्ही केलंत ते मी केलं नव्हतं, हेही खरंच आहे." मग बाई खिडकीकडे वळल्या. "पण काल अठराशे मीटर राहिले होते, वन्सं. ते मी विसरणार नाही."

"नको विसरूस."

बाई खरंच विसरल्या नाहीत. पुढे महिनाभर घरात काहीही झालं, दूध उतू गेलं, चावी सापडली नाही, तरी बाईंच्या तोंडून अठराशे मीटर निघायचं. फरक एवढाच की आता नणंद त्याला उत्तर द्यायची, मग बाई त्याच्यावर काही बोलायच्या, आणि नवरा भांडारात जाऊन सहकाऱ्यांना सांगायचा की घरात सहा वर्षांचं तुंबलेलं एकदम वाहायला लागलंय, कानांत बोळे घालायची वेळ आलीय.

पुढच्या वर्षी फॉर्म आला तेव्हा तो टेबलावर पडून राहिला नाही. बाईंनी स्वतःच घरच्या माणसाचा रकाना भरला आणि नणंदेपुढे सहीला धरला. सर म्हणाले, "बाई, विचार करा. त्या पुन्हा काढतील तुम्हाला."

"म्हणूनच त्यांना नेतेय," बाई म्हणाल्या.

या खेपेला सांगायला खरोखरच काही नाही. वारा उतरलाच नाही. सरांनी गोळी घेतली होती आणि ते अकरा तास ताठ बसून होते. खिंडीवर दिवसभर एक ढग होता, तो तिथेच राहिला. बाईंना एकदा पायात गोळा आला, एकदा चष्म्यात पाणी शिरलं. नणंदेनं दर अर्ध्या तासाने एक दात विचारला आणि प्रत्येक वेळी बरोबर उत्तर मिळालं. शेवटच्या बाटलीला बाई म्हणाल्या, "काठ दिसतोय. आता बाटली नको." नणंद म्हणाली, "काठ मलाही दिसतोय. पी."

दहा तास बावन्न मिनिटांनी बाईंचे गुडघे गोट्यांना लागले. नियम असा की पाण्यातून पूर्ण बाहेर येऊन स्वतःच्या पायांवर उभं राहायचं. त्या उभ्या राहिल्या, पुन्हा बसल्या, परत उठल्या. नवरा टॉवेल घेऊन तीन हातांवर उभा होता. निरीक्षकांनी "हात लावू नका" म्हणून त्याला दोन्ही हातांनी अडवून धरलं होतं. बाई आणखी पाच पावलं चालल्या, गोटे कोरडे लागले, आणि निरीक्षकांनी घड्याळ बंद केलं.

नणंद बोटीतून उतरताना घोट्यापर्यंत पाण्यात पडली. तिने बुटांकडे पाहिलं आणि मग बाईंना टॉवेलमध्ये गुंडाळून झोपडीच्या आडोशाला नेलं. एका मासेमाराच्या बायकोने बादलीभर गरम पाणी आणून ठेवलं होतं. बाई त्यात दोन्ही हात घालून बराच वेळ बसून राहिल्या. कागदावर सही करायला बोटं वळेनात, तेव्हा निरीक्षक म्हणाले, "सावकाश करा." पण बोटवाल्या काकांना उजेडात परतायचं होतं आणि त्यांच्या बोटीवर निरीक्षकांना जायचं होतं. बाईंनी तशाच सुरकुतल्या बोटांनी सही केली, ती त्यांनाही ओळखू आली नाही. सरांनी सामान उतरवून घेतलं. नवऱ्याने गाडी चालू करून ठेवली. बाई कुणाचा हात न धरता गाडीपर्यंत चालत गेल्या, मागच्या सीटवर बसल्या आणि म्हणाल्या, "वन्सं, केळी किती उरलीत?"

चार उरली होती. तीन त्यांनी खाल्ली.